सेन्सर म्हणतो, ऑक्सिजन भरपूर!

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. रविवारी सकाळी सात वाजता मावसभावाचा व्हिडिओ कॉल आला. तो अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये असतो, तिथे शनिवारची संध्याकाळ होती. "दादा, तीन आठवडे झाले, उड्डाण करून खाली उतरलो की डोकं ठणकतं. थोडं मळमळतंही. बीपी तपासलं, चष्म्याचा नंबर तपासला, सगळं ठीक आहे. टेन्शन असेल का?"

टेन्शन कसलं, तर इंजिनाचं. हा भाऊ पेशाने इंजिनिअर असला तरी विमान कंपनीत नाही. घराच्या गॅरेजमध्ये चार वर्षं रिव्हेट ठोकून त्याने दोन आसनी विमान बांधलं आहे. ते उडतं, पण सध्या बिघडलं होतं. "इंजिन पेट्रोल नुसतं पितंय. प्लग काढले तर काजळीने काळेकुट्ट. आणि लॅपटॉप लावला की सेन्सर म्हणतो, पेट्रोल कमी पडतंय, ऑक्सिजन भरपूर उरतोय! दोनदा सेन्सर बदलला. तेच."

मी त्याला एकच प्रश्न विचारला, "केबिनचा हीटर चालू असतो का?" जानेवारीतल्या विस्कॉन्सिनमध्ये हा प्रश्न तसा वेडगळच. तो म्हणाला, "अर्थात." मी म्हटलं, "मग आता उडू नकोस. आधी कार्बन मोनॉक्साइड मोजणारं यंत्र आण."

हा प्रश्न मला का सुचला, ते पुढे सांगतो. आधी या घरगुती विमानांविषयी, कारण आपल्याकडे हा प्रकार ऐकून लोक हसतात. मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं आणि २०१६ साली ते 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनात ठेवलं, तेव्हा अनेकांना असं काही असतं हे पहिल्यांदा कळलं. अमेरिकेत मात्र ही जुनी हौस आहे. अशा हौशी मंडळींची संघटना १९५३ साली विस्कॉन्सिनमध्येच स्थापन झाली आणि दर उन्हाळ्यात ऑशकॉश गावी तिची जत्रा भरते. निम्म्याहून अधिक काम स्वतः केलं असेल, तर तिथली सरकारी यंत्रणा विमानाला 'प्रायोगिक' म्हणून परवाना देते. मग ठरावीक हद्दीत पंचवीस ते चाळीस तास चाचणी उड्डाणं करावी लागतात. धोका काल्पनिक नाही. तिथल्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ साली केलेल्या अभ्यासानुसार, खासगी व छोट्या विमानांमध्ये घरगुती विमानांचा वाटा सुमारे १० टक्के, पण जीवघेण्या अपघातांत तो २१ टक्के होता. आणि कारणांमध्ये इंजिन बंद पडणं किंवा बिघडणं हे अगदी वरच्या क्रमांकावर.

इंजिन का बिघडतं? बऱ्याचदा हवा आणि पेट्रोल यांचं प्रमाण चुकतं म्हणून. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. पेट्रोल जास्त झालं की धूर काळा आणि प्लग काळे, कमी झालं की इंजिन तापतं, अडखळतं. स्कूटरवर थंडीत चोक ओढणाऱ्या पिढीला हे सांगायला नको. विमानात त्यात उंचीची भर पडते. तीन हजार मीटरवर हवा समुद्रसपाटीपेक्षा जवळपास पाव हिश्शाने विरळ असते. पेट्रोल मात्र तेवढंच येत राहिलं तर मिश्रण दाट होणारच. म्हणून जुन्या विमानांत वैमानिकाच्या हाताशी एक लाल मुठीचा दांडा असतो. वर जाताना तो मागे ओढत पेट्रोल कमी करायचं. आजही हजारो विमानं अशीच उडतात.

नव्या पद्धतीत हे काम संगणक करतो. आत येणाऱ्या हवेचा दाब, तिचं तापमान, इंजिनाचं तापमान, थ्रॉटल किती उघडं आहे, हे सगळं सेन्सर त्याला सांगतात आणि इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडायचा ते तो ठरवतो. शेवटी धुराच्या नळीत बसलेला ऑक्सिजन सेन्सर निकाल देतो: जळून किती ऑक्सिजन उरला. १९७६ साली बॉशचा हा सेन्सर व्होल्वोच्या मोटारीत आला आणि आता तो जवळपास प्रत्येक पेट्रोल गाडीत असतो. त्याच्या आत झिर्कोनियाची सिरॅमिक टोपी असते. एका बाजूला धूर, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये मोठी तफावत असली की सुमारे ०.८ ते ०.९ व्होल्ट मिळतात, म्हणजे पेट्रोल जास्त. तफावत कमी असली की ०.१ व्होल्टच्या आसपास, म्हणजे पेट्रोल कमी.

इथे नीट पाहा. हा सेन्सर पेट्रोल मोजतच नाही. तो मोजतो आपल्यासमोरून जाणारा ऑक्सिजन. तो ऑक्सिजन इंजिनातून आला की आणखी कुठून, हे त्याला कळायला मार्ग नाही. एखादा प्लग ठिणगी देत नसेल तर त्या सिलिंडरमधली हवा न जळता बाहेर पडते आणि सेन्सर ओरडतो, "ऑक्सिजन फार!" संगणक बिचारा पेट्रोल वाढवतो. किंवा सेन्सरच्या अलीकडे नळीच्या सांध्यात फट पडलेली असते. धूर नळीतून सलग वाहत नाही, धक्क्याधक्क्याने वाहतो. धक्का आला की फटीतून धूर बाहेर, आणि दोन धक्क्यांच्या मधे दाब उतरला की बाहेरची हवा आत. आत शिरलेल्या हवेने सेन्सर फसतो, पेट्रोल वाढतं, आणि अर्धवट जळालेल्या त्या पेट्रोलातून कार्बन मोनॉक्साइड भरपूर तयार होतो. तोच वायू त्याच फटीतून बाहेर येतो. एकच फट दोन्हीकडून घात करते. इंजिनाच्या खोलीतून केबिनमध्ये यायला तारांसाठी पाडलेली भोकं पुरतात. शिवाय बहुतेक छोट्या विमानांत केबिनचा हीटर म्हणजे धुराच्या गरम नळीभोवती गुंडाळलेला पत्रा आणि त्यातून फिरवलेली हवा. फट त्या पत्र्याच्या आत असेल तर वेगळी वाट शोधायचीही गरज नाही.

आता मला हे का सुचलं ते. काही वर्षांपूर्वी आमच्या अपघात विभागात एका तरुणीला आणलं होतं. सकाळी आंघोळीला गेली, बराच वेळ बाहेर आली नाही, दार तोडलं तर बेशुद्ध. त्या दिवशी तिचा उपवास होता. बोटाला ऑक्सिमीटर लावला, ९९ टक्के. नाडी जलद, साखर ठीक. रेसिडेंटने लिहिलं: उपवासामुळे चक्कर. ती थोडी शुद्धीवर आली, डोकं धरून उलट्या करू लागली. नवऱ्याला विचारलं, पाणी कशावर तापवता? "गॅस गिझर आहे सर, बाथरूममध्येच. थंडी म्हणून खिडकी बंद असते." कार्बन मोनॉक्साइड वेगळा मोजणाऱ्या यंत्रावर रक्त लावलं, तर तिच्या हिमोग्लोबिनचा जवळजवळ तिसरा हिस्सा त्या वायूने अडवलेला निघाला.

मग ९९ टक्के कुठून आले? ऑक्सिमीटर खोटं बोलला नव्हता, त्याला विचारलेला प्रश्नच अपुरा होता. कोविडमध्ये घरोघरी पोचलेलं हे उपकरण बोटातून दोन प्रकारचा प्रकाश पाठवतं, तांबडा आणि अवरक्त, आणि रक्त किती लाल आहे यावरून अंदाज बांधतं. जपानचे ताकुओ आओयागी यांनी १९७४ च्या सुमारास ही युक्ती शोधली आणि तिने किती जीव वाचवले याची मोजदाद नाही. पण कार्बन मोनॉक्साइडला चिकटलेलं हिमोग्लोबिनही त्या तांबड्या प्रकाशात ऑक्सिजनवाल्या हिमोग्लोबिनसारखंच दिसतं. हिमोग्लोबिनशी हा वायू ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट बिलगतो. रोगी आतून गुदमरतोय आणि पडद्यावर ऑक्सिजन भरपूर. माझ्या भावाच्या लॅपटॉपवर दुसरं काय होतं?

त्या मुलीला मास्कने शंभर टक्के ऑक्सिजन दिला. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा उतरायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण सव्वा तास. ती बरी झाली. पण रेसिडेंटच्या जागी मी असतो आणि रात्रपाळीचा शेवटचा तास असता, तर मीही 'उपवास' लिहून मोकळा झालो असतो, हे कबूल केलं पाहिजे.

भावाने यंत्र आणलं. विमान जमिनीवर उभं, इंजिन चालू, हीटर चालू. आकडा दहा लाखात पन्नासच्या पुढे गेला. अमेरिकेत केबिनसाठी हीच कमाल मर्यादा मानतात. डोकेदुखीचं निदान झालं, इंजिनाचं बाकी होतं. ते विमानतळावरच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकने केलं, आणि त्याची पद्धत मला आमच्या वॉर्डराऊंडसारखी वाटली. त्याने नवीन सेन्सर मागवू दिला नाही. म्हणाला, ज्याने तक्रार केली त्यालाच किती वेळा बदलणार?

आधी त्याने अर्थिंगच्या तारा हाताने ओढून पाहिल्या. फायबरच्या विमानात तर धातूची बॉडीच नसते, त्यामुळे प्रत्येक सेन्सरला अर्थिंगची वेगळी तार लागते, आणि एक सैल झाली की आकडे नाचू लागतात. मग बॅटरीचा व्होल्टेज, कारण तो उतरला की इंजेक्टर उशिरा उघडतात. मग थंड इंजिनावर तापमानाचा सेन्सर काय दाखवतो ते. त्याची तार तुटली तर काही संगणक समजतात की बाहेर उणे चाळीस आहे, आणि पेट्रोल ओततात. मग हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरची रबरी नळी. ती चिरली की इंजिनावर जोर आहे असा समज होतो, पुन्हा पेट्रोल जास्त. मग इंधनाचा दाब. हे सगळं निर्दोष निघालं, तेव्हा त्याने घरातला व्हॅक्यूम क्लीनर उलटा जोडून धुराच्या नळीत हवा फुंकली आणि सांध्यांवर साबणाचं पाणी शिंपडलं. गॅस सिलिंडरचा रेग्युलेटर तपासायला आपण करतो तसंच. एका सिलिंडरच्या गॅसकेटजवळ बुडबुडे आले. तिथे राखाडी पट्टा आधीपासून होता, भावाला तो मळ वाटला होता.

ही गोष्ट थट्टेवारी नेण्यासारखी नाही. २०१७ च्या ३१ डिसेंबरला सिडनीजवळ एक सी-प्लेन नदीत कोसळून वैमानिकासह सहा जण गेले. तपासात धुराच्या नळीला तडे आणि केबिनच्या पत्र्यातल्या तीन निसटलेल्या बोल्टांची भोकं सापडली. २०१९ च्या जानेवारीत फुटबॉलपटू एमिलियानो साला यांचं विमान इंग्लिश खाडीत पडलं. त्यांच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइडने अडवलेलं हिमोग्लोबिन ५८ टक्के होतं. ही दोन्ही कारखान्यात बनलेली विमानं होती. वैमानिकाचं आधी डोकं जड होतं, मग निर्णय चुकू लागतात, आणि ते चुकताहेत हे त्याला उमगत नाही.

सेन्सर मंद व्हायला आणखी एक कारण असतं, शिसं. मोटारीच्या पेट्रोलमधून ते आपल्याकडे २००० साली गेलं, पण पिस्टन इंजिनाच्या विमानांचं जे इंधन जगभर सर्रास मिळतं त्यात ते अजून आहे. ऑक्सिजन सेन्सरवर शिशाचा थर बसतो आणि त्याची संवेदना बोथट होते. शरीरात गेलेलं शिसं हिमोग्लोबिनमधला हीम घटक तयार करणारं एन्झाइम बंद पाडतं, मुलांच्या मेंदूवर तर त्याहून वाईट परिणाम करतं. २०२३ साली अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने या इंधनातलं शिसं आरोग्याला घातक असल्याचं अधिकृतपणे ठरवलं. त्याला पर्याय शोधणं सुरू आहे. भाऊ तूर्त शिसं नसलेलं मोटारीचं पेट्रोल भरतो, त्याच्या इंजिनाला ते चालतं.

या थंडीत तुमच्या घरात कुणी आंघोळीनंतर डोकं धरून बसत असेल, किंवा एका खोलीत झोपलेल्या दोघा-तिघांना सकाळी एकदम मळमळत असेल, तर ऑक्सिमीटरवर विसंबू नका. दारं-खिडक्या उघडा, त्यांना बाहेर मोकळ्या हवेत आणा आणि दवाखान्यात पोचल्यावर डॉक्टरांना गिझर, शेगडी, जनरेटर यांपैकी काय चालू होतं ते सांगा. आम्ही विचारायला विसरलो तरी सांगा.

भावाने गॅसकेट बदलली, केबिनच्या पत्र्यातली भोकं बुजवली. मापन यंत्र आता उंचीच्या मीटरशेजारी चिकटवलेलं असतं. मार्चमध्ये त्याने मिशिगन सरोवरावरून फोटो पाठवला होता. सूर्यास्त सुंदर होता, पण मी फोटो मोठा करून आधी यंत्रावरचा आकडा पाहिला. शून्य होता.