सुलोचना गाडगीळ आणि मान्सूनचा ढगपट्टा

सुलोचना गाडगीळ (१९४४–२०२५) या भारतीय मान्सूनच्या अग्रगण्य अभ्यासक. उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते आणि त्यामुळे समुद्राकडून वारे वाहू लागतात, म्हणजे मान्सून हे प्रचंड आकाराचे खारे वारे आहेत, अशी मांडणी एडमंड हॅली यांनी १६८६ मध्ये केली होती. ती सुमारे तीनशे वर्षे प्रमाण मानली गेली. गाडगीळ यांचे मोठे काम म्हणजे या मांडणीची तपासणी.

त्यांचा जन्म पुण्यात झाला. फर्ग्युसन महाविद्यालयात विज्ञान शिकल्यावर त्या उपयोजित गणिताकडे वळल्या. हार्वर्ड विद्यापीठातून १९७० मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली, तीही मान्सूनवर नव्हे तर सागरी प्रवाहांच्या गणितावर. त्यानंतर मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये ज्यूल चार्नी या थोर हवामानशास्त्रज्ञाबरोबर त्यांनी काम केले. १९७१ मध्ये त्या आणि त्यांचे पती, परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ, भारतात परतले. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत काही काळ काढून १९७३ मध्ये त्या बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत रुजू झाल्या. तिथे वातावरण आणि सागर विज्ञानाचे केंद्र उभे करण्यात त्यांचा मोठा वाटा होता.

पुण्याच्या संस्थेत त्यांची गाठ डी. आर. सिक्का यांच्याशी पडली. सिक्का यांना हवामानाच्या नकाशांची दीर्घ ओळख, तर गाडगीळ यांची बैठक गणिताची. उपग्रहांची रोजची छायाचित्रे त्या काळात नुकतीच हाती येऊ लागली होती. दोघांनी भारताच्या रेखांशांवरील ढगांची रोजची जागा चिकाटीने मांडली आणि १९८० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. पावसाळ्यात उपखंडावर पसरणारा ढगपट्टा आणि विषुववृत्ताजवळच्या समुद्रावर बारमाही आढळणारा अभिसरणपट्टा यांची घडण एकच असते. दोन्ही बाजूंनी येणारी दमट हवा तिथे एकत्र येऊन वर चढते, बाष्पाचे पाणी होते आणि त्यातून सुटणारी उष्णता हवेला आणखी वर ढकलते. जमिनीवरचा पट्टा मात्र स्वबळावर महिन्याभरापेक्षा जास्त टिकत नाही. समुद्रावर तयार झालेले पट्टे दोन ते सहा आठवड्यांच्या अंतराने उत्तरेकडे सरकतात आणि त्याला नवे बळ देतात. शेतकरी ज्याला पावसाचा खंड म्हणतो, त्याचा उलगडा इथून सुरू होतो.

खाऱ्या वाऱ्यांच्या मांडणीला त्यांची हरकत साधी आणि बिनतोड होती. मध्य भारतातील जमीन सर्वाधिक तापते ती मे महिन्यात. जुलैच्या भर पावसात ती निवलेली असते. शिवाय कमी पावसाच्या वर्षी जमीन नेहमीपेक्षा जास्त तापलेली असते. जमिनीच्या तापण्यावरच पाऊस ठरत असता, तर अशा वर्षी तो अधिक पडायला हवा होता. जमिनीचे तापणे ढगपट्ट्याला इतक्या उत्तरेस येऊ देते, एवढीच त्याची भूमिका आहे.

समुद्राची भूमिकाही त्यांनी तपासली. पी. व्ही. जोसेफ आणि एन. व्ही. जोशी यांच्यासह १९८४ मध्ये त्यांनी दाखवले की, समुद्रपृष्ठाचे तापमान सुमारे २८ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर त्यावर उंच ढग क्वचितच उभे राहतात. त्याच्या वर ते शक्य होतात, पण हमखास होत नाहीत.

प्रशांत महासागरातील एल निनो आला की भारतात दुष्काळ, हे समीकरण १९९७ मध्ये फसले. एल निनो अतितीव्र असूनही पाऊस सरासरीइतका झाला. उलट २००२ मध्ये एल निनो तितका तीव्र नसतानाही पाऊस सरासरीपेक्षा सुमारे १९ टक्के कमी पडला. विषुववृत्तीय हिंदी महासागराच्या पश्चिम आणि पूर्व भागांत ढगांचे पारडे वरखाली होत असते. पश्चिमेकडे ढग जास्त असले की भारतात पाऊस चांगला होतो. प्रशांत महासागराच्या जोडीला हा दोलही धरला, तर अतिपावसाची आणि दुष्काळाची वर्षे एकत्रितपणे समजावून घेता येतात, असे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवले.

हे ज्ञान शेतापर्यंत न्यायची त्यांना खरी कळकळ होती. अनंतपूर परिसरातील कोरडवाहू भुईमूग उत्पादकांशी बोलून त्यांनी प्रश्न ठरवले. पेरणी केव्हा केली तर शेंगा भरण्याच्या दिवसांत खंड पडण्याची शक्यता कमी राहील, याचे गणित अनेक वर्षांच्या पर्जन्यनोंदींवरून मांडले. गणितज्ञ मुलगा सिद्धार्थ याच्यासह २००६ मध्ये लिहिलेल्या लेखात त्यांनी दाखवले की, तीव्र दुष्काळाचा फटका देशाच्या सकल उत्पादनाच्या २ ते ५ टक्के असतो आणि चांगल्या पावसाने होणारा लाभ या तोट्याच्या मानाने थोडा असतो. कोरडवाहू शेतकरी बेभरवशाच्या पावसावर खते-औषधांचा खर्च करायला धजत नाही, हे त्याचे त्यांनी दिलेले कारण. जुलै २०२५ मध्ये बंगळुरू येथे त्यांचे निधन झाले.