स्वस्त विडीचा महाग हिशेब

वसई-विरारमधील रोजंदारीचा मजूर दात काढण्यासाठी दिवसाची मजुरी बुडवतो आणि तोंडातील कापसाचा बोळा टाकताच, कळ विसरण्यासाठी, विडी पेटवतो. दाताच्या खळग्यात जमलेली रक्ताची गुठळी हेच तेथील हाडाचे आवरण. झुरक्याच्या ओढीने ती निसटू शकते. निकोटीनमुळे रक्तवाहिन्याही आकुंचन पावतात. मग तिसऱ्या दिवशी कानापर्यंत पोहोचणारा ठणका लागतो. पुन्हा दवाखाना, पुन्हा खाडा! विडी स्वस्त म्हणतात, ती ही अशी. किमान ७२ तास धूम्रपान वर्ज्य, असे दंतवैद्य बजावतात. परंतु मिश्री लावणाऱ्या स्त्रीला ही ताकीद आपल्यासाठी वाटतच नाही. तिच्या लेखी ते दंतमंजन! २०१२ साली राज्याने गुटख्यावर बंदी घातली. मिश्रीचा तंबाखू मात्र घरच्या तव्यावर भाजला जातच राहिला.