कर्ता गेला कुठे?

इंग्रजीत कर्मणी प्रयोग करायचा तर कर्म वाक्याच्या तोंडाशी येते, ‘बी’ या क्रियापदाचे काळानुसार रूप लागते आणि मागोमाग मुख्य क्रियापदाचे तिसरे रूप. ‘द पोलीस अरेस्टेड द थीफ’चे होते ‘द थीफ वॉज अरेस्टेड’. पोलिसांचा उल्लेख आता ऐच्छिक. हवाच असेल तर ‘बाय’ लावून शेवटी. ‘स्लीप’, ‘अराइव्ह’सारख्या अकर्मक क्रियापदांना हे रूप नाही.

कर्ता गाळण्याची ही मुभा राजकारण्यांच्या पथ्यावर पडते. इराण-कॉन्ट्रा प्रकरणात अडकलेले अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन जानेवारी १९८७ मध्ये काँग्रेससमोर म्हणाले, ‘सीरियस मिस्टेक्स वेअर मेड’. गंभीर चुका झाल्याची कबुली आहे, पण त्या कोणी केल्या ते वाक्य सांगत नाही.

म्हणून या प्रयोगावर सरसकट बंदी घालणे मात्र अन्यायाचे. कर्तरी शक्य असेल तिथे कर्मणी वापरू नका, असे १९४६ च्या निबंधात बजावणाऱ्या जॉर्ज ऑर्वेलनेही त्याच निबंधात तो अनेकदा वापरला. घरफोडीच्या बातमीत चोर अज्ञातच असतो. ‘द हाउस वॉज रॉब्ड’ हेच तिथे प्रामाणिक वाक्य. प्रयोगशाळेच्या नोंदीतही द्रावण तापवणाऱ्याच्या नावापेक्षा द्रावण किती तापवले, हे महत्त्वाचे असते.