पर्समधला फवारा आणि पाच देश

दोन वर्षांपूर्वी माझी पुतणी शिकायला लंडनला निघाली. बॅग भरताना वहिनींनी लोणच्याच्या पाकिटांशेजारी मिरपुडीच्या फवाऱ्याची छोटी बाटली ठेवली. पुण्यात ती तीन वर्षे पोरीच्या पर्समध्ये होती. कधी वापरावी लागली नाही, पण रात्री उशिरा घरी येताना हात तिच्यावर असायचा. पुतणीने सहज विचारले, "काका, ही तिकडे चालते ना?" मी शोधायला बसलो आणि त्या बाटलीने मला बराच लांबचा प्रवास घडवला.

उत्तर असे मिळाले : चालत नाही. ब्रिटनच्या १९६८ च्या अग्निशस्त्र कायद्यात अपायकारक द्रव किंवा वायू फवारणारे साधन 'निषिद्ध शस्त्र' ठरते, आणि त्याच कलमात मशिनगनही येते. त्याआधीच्या, १९५३ च्या कायद्यानुसार दुसऱ्याला इजा करण्याच्या उद्देशाने कोणतीही वस्तू सार्वजनिक जागी जवळ बाळगणे हा गुन्हा आहे. 'स्वतःच्या रक्षणासाठी ठेवली होती' हे सांगणे तिथे सहसा बचाव ठरत नाही, उलट उद्देशाची कबुली ठरू शकते. जर्मनीत मात्र हाच फवारा 'प्राण्यांपासून संरक्षणासाठी' अशी चिठ्ठी लावून दुकानात उघड मिळतो. वस्तू एकच, भीतीही एकच. मग कायदे इतके वेगळे का?

गंमत म्हणजे शस्त्राचा हक्क मुळात इंग्लंडमधलाच. १६८९ च्या हक्कपत्राने प्रॉटेस्टंट प्रजेला रक्षणासाठी शस्त्र बाळगण्याची, कायद्याच्या मर्यादेत, मुभा दिली होती. हीच कल्पना समुद्र ओलांडून अमेरिकेत गेली आणि १७९१ मध्ये तिथल्या राज्यघटनेची दुसरी दुरुस्ती झाली. मायभूमीत ती विरत गेली. १९९६ मध्ये स्कॉटलंडमधील डनब्लेन गावच्या शाळेत १६ मुले आणि त्यांच्या शिक्षिका गोळीबारात मारल्या गेल्या. पुढच्याच वर्षी ब्रिटनने खासगी पिस्तुलांवर जवळपास संपूर्ण बंदी घातली. अमेरिकेत काटा उलट्या बाजूला झुकला. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये घरात स्वरक्षणासाठी पिस्तूल ठेवणे हा व्यक्तीचा हक्क मानला आणि २०२२ मध्ये तो घराबाहेरही नेला.

या दोन टोकांची टक्कर कशी असते, हे ऑक्टोबर १९९२ मध्ये लुइझियाना राज्यातल्या बॅटन रूज शहरात दिसले. योशिहिरो हात्तोरी हा सोळा वर्षांचा जपानी विद्यार्थी हॅलोविनच्या मेजवानीला निघाला आणि चुकीच्या घराशी गेला. घरमालकाने पिस्तूल रोखून 'फ्रीझ' म्हणजे 'हलू नकोस' असे दरडावले. मुलगा पुढे येतच राहिला. त्याला तो शब्द बहुधा उमगला नसावा, असे नंतर सांगितले गेले. एका गोळीत तो गेला. फौजदारी खटल्यात घरमालक निर्दोष सुटला. दिवाणी न्यायालयाने मात्र त्याला साडेसहा लाख डॉलर भरपाई द्यायला लावली. मुलाच्या आईवडिलांनी जपानमध्ये सतरा लाखांच्या आसपास सह्या गोळा करून राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्यापर्यंत पोचवल्या.

जपानला हा निकाल का पचला नाही, हे समजायला चारशे वर्षे मागे जावे लागते. १५८८ मध्ये तोयोतोमी हिदेयोशीने शेतकऱ्यांकडची शस्त्रे जप्त केली. धातू बुद्धमंदिराच्या खिळ्यांना लागणार आहे, असे पुण्याचे कारण पुढे केले. १८७६ मध्ये सामुराईंच्या कमरेची तलवारही गेली. १९५८ चा कायदा नागरिकाला पिस्तूल देतच नाही. शिकारीची बंदूक हवी तर परीक्षा, वैद्यकीय तपासणी आणि पोलिसांची चौकशी ओलांडावी लागते. इतक्या पिढ्यांनंतर शस्त्र हे सरकारचे, आपले नव्हे, ही भावना तिथे स्वभावच झाली आहे.

स्वित्झर्लंड तिसराच. तिथे नागरिक हाच सैनिक, म्हणून सेवेतली रायफल घरी असते. पण ती चोरासाठी ठेवलेली नसते. २००७ पासून घरी दिलेल्या काडतुसांच्या सीलबंद पेट्या सैन्याने परत घ्यायला सुरुवात केली. रायफली मात्र राहिल्या. २०११ च्या सार्वमतात त्या शस्त्रागारात जमा करण्याचा प्रस्ताव लोकांनी फेटाळला, आणि २०१९ मध्ये नियम कडक करायला कौलही दिला. अमेरिकेत बंदूक हा हक्क, तर इथे ते कर्तव्य.

हक्क की कर्तव्य, हा वाद आपल्याकडेही झाला आहे. १८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयांना परवान्याची सक्ती केली आणि युरोपियनांना सूट दिली. ती बोच इतकी खोल होती, की अहिंसेचे पुरस्कर्ते गांधीजीही या कायद्यावर कठोर बोलले, आणि काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्क नोंदला गेला. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत ह. वि. कामत यांनी तो मूलभूत हक्कांत घालण्याची सूचना मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली. शस्त्र धरण्याच्या हक्कापेक्षा देशासाठी ते धरण्याच्या कर्तव्यावर भर हवा, असा त्यांचा युक्तिवाद होता.

मात्र ज्या इंग्रजांनी हातातले शस्त्र काढून घेतले, त्यांनीच १८६० च्या दंडसंहितेत स्वसंरक्षणाचा ऐसपैस हक्क दिला होता. आज तो भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ कलमांत आहे. मृत्यूचे किंवा जबर दुखापतीचे भय, बलात्कार, अपहरण, ॲसिडहल्ला अशा प्रसंगी हल्लेखोराचा जीव गेला तरी तो गुन्हा ठरत नाही. मुख्य अटी दोन : पोलिसांकडे जायला अवधी असेल तर हा हक्क नाही, आणि गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. संकटात पळून जाण्याची सक्ती नागरिकावर नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या दर्शन सिंग खटल्यात स्पष्ट केले. म्हणजे आपल्याकडे हक्क मोठा, पण साधने मोजकी. इंग्लंडमध्येही वाजवी बळ वापरण्याची मुभा आहेच. फक्त त्यासाठी आधीपासून तयारीत राहणे मान्य नाही.

एवढे वाचून माझे मत असे झाले, की शस्त्राचा कायदा लोकांचे शौर्य सांगत नाही. हाक मारली तर कोण धावून येईल, याबद्दल त्या समाजाचा अनुभव काय, ते तो सांगतो. जिथे पोलीस येईल असे वाटते तिथे हात रिकामा ठेवायला माणसे तयार होतात. जिथे राज्यच संशयास्पद वाटते तिथे ती पिस्तूल सोडत नाहीत. वहिनींची बाटली आपल्या अनुभवातून आली होती, आणि त्या अनुभवाला मी खोटे म्हणू शकलो नाही.

पुतणी बाटली ठेवून गेली. तिथे पोचल्यावर तिने कर्कश आवाजाचा गजर घेतला. तो मात्र कायद्याला चालतो. तिचा भरवसा आता ऐकणाऱ्यावर आहे. बाटली वहिनींनी टाकली नाही. संध्याकाळी भाजीला जाताना ती आता त्यांच्या पिशवीत असते.