पेशींचें मरण आणि शरीराचें संरक्षण

मनुष्याच्या शरीरांत रोज अब्जावधि पेशी मरतात, आणि त्याला त्याचा पत्ताही लागत नाहीं. कारण हें मरण शिस्तीचें असतें. मरूं घातलेली पेशी आक्रसते आणि एरवीं आंतल्या अंगास असणारा फॉस्फॅटिडिलसेरीन हा स्निग्ध पदार्थ बाहेर आणते. ती खूण ओळखून भक्षक पेशी तिला गिळून टाकतात. दाह नाहीं कीं गलबला नाहीं. केर, वायली व करी या शास्त्रज्ञांनीं १९७२ सालीं या मरणास अपॉप्टोसिस, म्हणजे पानगळ, असें ग्रीक नांव दिलें. उलट, पेशी फुटून मेली तर आंतील द्रव्यें सांडतात व संरक्षक यंत्रणा खवळते.

या शिस्तीच्या मरणाचा उपयोग वैद्यकानें करून घेतला आहे. अमेरिकेंतील येल विद्यापीठाचे एडेलसन व त्यांचे सहकारी यांनीं १९८७ सालीं त्वचेच्या एका कर्करोगावरील उपचार प्रसिद्ध केला. रोग्याच्या रक्तांतील थोड्या श्वेतपेशी वेगळ्या काढावयाच्या, सोरालेन वर्गांतील औषधासह अतिनील किरणांखालीं धरावयाच्या आणि त्यालाच परत द्यावयाच्या. (कोडावर बावची लावून उन्हांत बसविण्याचा आपल्याकडील जुना उपचार याच वर्गांतील द्रव्यावर चालतो.) परत गेलेल्या पेशी लवकरच मरतात, आणि त्यांचें मरणच औषध ठरतें.

नवल पुढेंच आहे. दुसऱ्याची अस्थिमज्जा घेतलेल्या रोग्याच्या त्वचेवर व यकृतावर दात्याच्या पेशी कधीं कधीं उलटतात. कर्करोगाविरुद्ध प्रतिकार जागविणारा हाच उपचार येथें त्या पेशींना निववितो. आणि प्रतिकारशक्ति सरसकट दडपणाऱ्या औषधांप्रमाणें रोग्यास जंतूंच्या तोंडीं देत नाहीं.