मूत्रपिंडातील बारीक धमन्या आणि नागपूरचा उन्हाळा

आपला रक्तदाब दिवसभर एकसारखा नसतो. झोपेत तो उतरतो; जिना चढताना, रागावल्यावर वाढतो. तरीही मूत्रपिंडातून वाहणारे रक्त फारसे कमीजास्त होत नाही. हे कसे घडते, ते सभासद व विद्यार्थ्यांसमोर थोडक्यात मांडण्याचा आम्ही प्रयत्न करीत आहोत.

हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा, मिनिटाला लिटरभर, या मुठीएवढ्या दोन अवयवांकडे जातो. प्रत्येकात अंदाजे 10 लाख गाळण्या असतात. गाळणीत रक्त आणणाऱ्या बारीक धमनीच्या भिंतीत स्नायू असतो. दाबाने भिंत ताणली गेली की तो काही सेकंदांत आपणहून आकसतो, दाब उतरला की सैलावतो; मेंदूचा हुकूम लागत नाही. रक्तवाहिन्यांचा हा गुण इंग्लंडच्या बेलिस यांनी 1902 साली मांडला.

दुसरी तजवीज आम्हाला अधिक नवलाची वाटते. गाळलेले पाणी नळीतून फिरून पुन्हा आपल्याच गाळणीपाशी येते. तेथील पेशी त्यातील मीठ जोखतात. मीठ जास्त आले म्हणजे गाळप जास्त झाले; लगेच आणणाऱ्या धमनीला आवळण्याचा निरोप जातो. या दोहोंमुळे सरासरी रक्तदाब साधारण 80 ते 160 मिलिमीटर असेतो प्रवाह जवळपास स्थिर राहतो. (सरासरी दाब म्हणजे यंत्रावरचा वरचा आकडा नव्हे.)

मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांवर जातो. घामाने अंगातले पाणी आटले की शरीर सगळीकडच्या रक्तवाहिन्या आवळते. तेव्हा मूत्रपिंड प्रोस्टाग्लँडिन हे द्रव्य तयार करून आपली धमनी उघडी ठेवते. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या वेदनाशामक गोळ्या नेमके तेच द्रव्य बनू देत नाहीत. मग रक्त कमी पडून मूत्रपिंड अचानक बंद पडू शकते.

सिकलसेल आपल्या वस्त्यांना नवा नाही. मध्य भारतातील सिकलसेलविषयी शुक्ला व सोळंकी यांचा लेख 1958 सालीच 'लॅन्सेट'मध्ये आला होता. या आजारात मूत्रपिंडाच्या खोल, प्राणवायू कमी असलेल्या भागात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून वाहिन्या अडवतात. लघवी घट्ट करण्याची शक्ती जाते आणि पाणी लवकर आटते. त्यातच अंग ठणकू लागले की दुकानातून गोळी येते. दुखणे खरे असते, ते सोसा असे आम्ही म्हणणार नाही. पण कोणती गोळी, किती दिवस, हे डॉक्टरांनाच विचारावे. सिकलसेल रुग्णाच्या रक्तातील क्रिएटिनिन उशिरा वाढते, म्हणून लघवीतील प्रथिनांचीही तपासणी दरवर्षी करून घ्यावी.