मुलांविना सुट्टी : जमा आणि नावे

मे महिन्यातील एक नेहमीचे दृश्य. महाबळेश्वरच्या हॉटेलातून सारे कुटुंब मुंबई पॉइंटवर सूर्यास्त पाहण्यास निघते. ऐन निघण्याच्या वेळी धाकट्या नातवाला झोप लागते. "तुम्ही जाऊन या, मी थांबते याच्याजवळ," असे आजी म्हणतात आणि कोणी फारसा आग्रह करीत नाही. त्या संध्याकाळच्या छायाचित्रांत सगळे असतात, आजी मात्र नसतात. सहलीचा खर्च मुलाने केलेला असतो आणि आईला फिरवून आणल्याचे समाधानही त्याला मनापासून वाटत असते. तरीही ती सुट्टी आजींची होती का, हा प्रश्न घरात सहसा कोणी विचारीत नाही.

पाश्चात्त्य देशांत या प्रश्नातून एक मोठा व्यवसायच उभा राहिला आहे. 'केवळ प्रौढांसाठी' हे शब्द आपल्याकडे चित्रपटाच्या प्रमाणपत्रामुळे वेगळ्याच अर्थाने रूढ झाले असल्याने ऐकणारा जरा दचकतो. पर्यटनात मात्र त्यांचा अर्थ बहुधा एवढाच असतो की, ठराविक वयाखालील मुलांना तेथे प्रवेश नाही. ही मर्यादा अनेक ठिकाणी १६ किंवा १८ वर्षांची असते.

रिकाम्या खोल्यांचे गणित

या व्यवसायाची एक सुरुवात निव्वळ हिशेबातून झाली. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील फोकस्टन येथे सिडनी डी हान हे हॉटेल चालवीत. शाळांच्या सुट्टीत किनारा गजबजलेला आणि एरवी खोल्या रिकाम्या, ही तेथील नेहमीची अडचण. रिकाम्या गेलेल्या रात्रीचे भाडे पुढे कधीही वसूल होत नाही. निवृत्त माणसाला मात्र ना शाळेचे बंधन, ना कचेरीचे. हे ओळखून त्यांनी १९५१ पासून निवृत्तांसाठी हंगामाबाहेरच्या स्वस्त सहली सुरू केल्या. पुढे 'सागा' या नावाने ही कंपनी पन्नाशी ओलांडलेल्यांच्या सहलींसाठी प्रसिद्ध झाली.

दुसरी सुरुवात जमैका बेटावर झाली. तेथे १९४९ मध्ये उभ्या राहिलेल्या एब इसा यांच्या 'टॉवर आइल' हॉटेलचे १९७८ मध्ये केवळ जोडप्यांसाठी असलेल्या 'कपल्स'मध्ये रूपांतर झाले. १९८१ मध्ये त्याच बेटावर, माँटेगो बे येथे गॉर्डन स्टुअर्ट यांनी 'सँडल्स' सुरू केले. विशेष म्हणजे याच समूहाने नव्वदच्या दशकात 'बीचेस' या नावाने मुलाबाळांसह येणाऱ्या कुटुंबांसाठी वेगळी निवासस्थाने काढली. मुलांविषयी नावड हे यामागचे कारण नव्हते. दोन वेगळ्या गरजा एकाच अंगणात नीट भागत नाहीत, हे व्यापाऱ्याने जाणले होते.

आज ब्रिटनच्या 'पी अँड ओ' कंपनीची 'आर्केडिया' आणि 'अरोरा' ही दोन प्रवासी जहाजे केवळ प्रौढांना घेऊन जातात. २०२१ मध्ये प्रवासी सेवेत आलेल्या 'व्हर्जिन व्हॉयेजेस'च्या जहाजांवर १८ वर्षांखालील कोणालाही प्रवेश नाही. भारतातही 'इंडिगो'ने २०१६ मध्ये विमानातील काही रांगा शांत राखण्यासाठी १२ वर्षांखालील मुलांना त्या रांगांत जागा न देण्याचे ठरविले, तेव्हा त्यावर बरीच चर्चा झाली होती.

आकर्षण कशाचे?

अशा ठिकाणी जाणारा माणूस मुलांचा तिटकारा करणारा असावा, हा पहिला समज असतो आणि तो बहुधा चुकीचा ठरतो. जाणाऱ्यांत लहान मुलांचे आईवडीलच पुष्कळ असतात. वर्षभर अपुऱ्या झोपेवर दिवस काढलेल्या आईला आठ तासांची सलग झोप आणि गरम असतानाच प्यायला मिळालेला चहा हीच मोठी चैन वाटते. वर्षभर चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात उभ्या राहणाऱ्या शिक्षिकेला चार दिवस शांतता हवी असते, म्हणून विद्यार्थ्यांवरील तिची माया कमी होत नाही.

आणखी काही प्रवासी असतात, ज्यांचा विचार सहसा कोणी करीत नाही. मूल व्हावे म्हणून वर्षानुवर्षे उपचार घेतलेले किंवा मूल गमावलेले जोडपे कुटुंबांनी भरलेल्या हॉटेलात उतरते, तेव्हा न्याहारीच्या टेबलापासून पोहण्याच्या तलावापर्यंत प्रत्येक ठिकाणी त्यांची जखम नव्याने उघडी पडते. शेजारच्या टेबलावरून "तुमची मुले कुठे आहेत?" असे सहज विचारले जाते. जेथे हा प्रश्नच उद्भवत नाही, अशी जागा त्यांना आठवडाभर मोकळा श्वास घेऊ देते.

दारावरची पाटी

तरीही या गोष्टीला दुसरी बाजू आहे. मुलांविना प्रवासाला निघणे हा घराचा निर्णय झाला. मुलांना दारातच अडविणे हा समाजाचा निर्णय ठरतो. दक्षिण कोरियात मुलांना मज्जाव करणारी उपाहारगृहे वाढू लागली, तेव्हा तेथील राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१७ मध्ये जेजू बेटावरील एका उपाहारगृहाच्या प्रकरणात १३ वर्षांखालील मुलांना सरसकट नाकारणे हा भेदभाव असल्याचे मत दिले. ब्रिटनचा २०१० चा समानता कायदा याउलट आहे. सेवा देताना वयावरून भेदभाव करण्यास त्याने मनाई केली, पण हे संरक्षण १८ वर्षे पूर्ण केलेल्यांनाच आहे. त्यामुळे मुलांना प्रवेश नाकारणारे हॉटेल तेथे कायद्याच्या कक्षेत राहते.

दोन देशांनी दोन उत्तरे दिली. विचार केल्यास दोन्हींत तथ्य आढळते. दूरच्या बेटावरील एखाद्या निवासस्थानाने प्रौढांपुरते राहायचे ठरविल्याने कोणाचे काही अडत नाही. गावातील एकुलत्या एका खानावळीवर, बसमध्ये किंवा बागेत तशी पाटी लागली, तर मात्र तान्हे मूल कडेवर असलेल्या आईलाच घरात कोंडल्यासारखे होईल.

आपल्याकडची सुट्टी

आपल्याकडे सुट्टी ही कुटुंबाचीच, असे गृहीत धरले गेले. त्यामागे संस्कार होते, तसे नियमही होते. सरकारी कर्मचाऱ्याची प्रवास सवलत, बँकांतील एलएफसी यांचा लाभ कुटुंबाच्या मापानेच मोजला गेला. १९६१ च्या आयकर कायद्यानेही चार वर्षांच्या गटात दोन प्रवासांच्या खर्चावर सूट देताना पती-पत्नी, मुले आणि अवलंबून असलेले आईवडील व भावंडे यांना एकत्र धरले. कन्याकुमारी असो वा काश्मीर, मध्यमवर्गीय घरे तेथे सहकुटुंब गेली ती या सवलतींच्या आधाराने. त्या प्रवासांनी मुलांना देश दाखविला, हे त्यांचे ऋण मोठेच आहे.

मात्र मुलांविना प्रवासही आपल्याला नवा नाही. मुलीचे लग्न झाले, मुलगा मार्गी लागला की आईवडील काशीयात्रेला निघत, तेव्हा नातवंडे सोबत नसत आणि त्याबद्दल कोणी नावे ठेवीत नसे. आज 'केसरी'ची 'माय फेअर लेडी' किंवा 'वीणा वर्ल्ड'ची 'वुमन्स स्पेशल' आणि 'सीनियर्स स्पेशल' या सहलींत अनेक स्त्रिया आणि ज्येष्ठ आनंदाने जातात. देवदर्शनाचे निमित्त नसतानाही घराबाहेर पडता येते, एवढाच काय तो फरक.

नावे कोणाच्या खात्यात?

हिशेबाचा एक साधा नियम आहे. एका खात्यात जमा पडली की तेवढीच रक्कम दुसऱ्या कोणत्या तरी खात्यात नावे पडते. मुलांविना सुट्टीलाही हा नियम लागू आहे. तरुण जोडपे चार दिवस बालीला जाते, तेव्हा ते चार दिवस घरी कोणाच्या तरी नावे पडतात. बहुधा आजी-आजोबांच्या. ती नोंद मात्र कोठेच होत नाही. लेकीच्या बाळंतपणासाठी सहा महिने अमेरिकेत जाऊन आलेल्या आजींना शेजारी विचारतात, "काय, झाली का अमेरिकावारी?" त्या हसून "झाली" म्हणतात. प्रत्यक्षात त्यांनी तेथे पाहिलेले असते ते स्वयंपाकघर, पाळणा आणि खिडकीबाहेरचा बर्फ.

नातवंडांना सांभाळण्यात आनंद असतो, यात शंका नाही. पण आनंदाचे कामही कामच असते. गुडघे दुखतात, रात्रीची झोप मोडते, औषधांच्या वेळा चुकतात. "आई काय, घरीच असते" हे वाक्य प्रेमाने उच्चारले, तरी त्यात गृहीत धरणे असतेच. आणि आईही सहसा नकार देत नाही, कारण नकाराचा अर्थ माया आटली असा लावला जाईल, याची तिला धास्ती असते.

यावर उपाय फार अवघड नाहीत. तरुणांनी बेत पक्का करण्यापूर्वी विचारावे. तिकिटे काढून झाल्यावर कळविणे म्हणजे विचारणे नव्हे. जितके दिवस आजी-आजोबांनी सांभाळले, तितके दिवस वर्षातून एकदा त्यांच्या स्वतःच्या प्रवासासाठी राखून ठेवावेत आणि त्या काळात मुलाने किंवा सुनेने रजा काढावी. सहकुटुंब सहलीत मुलांजवळ थांबण्याची पाळी आधीच ठरवावी. ज्येष्ठांनीही "या वेळी जमणार नाही" असे वर्षातून एकदा तरी म्हणण्याची सवय लावून घ्यावी. आजीलाही थकवा येतो हे नातवंडांना लहानपणीच समजले, तर त्यात त्यांचे नुकसान काहीच नाही.

पुढच्या मे महिन्यात नातवाला पुन्हा ऐन वेळी झोप लागेलच. तेव्हा त्याच्या वडिलांनी खोलीत थांबावे आणि आईच्या हाती शाल देऊन तिला गाडीत पुढच्या जागेवर बसवावे.